पाळीने वाटलेला प्रोसेसर

मी एक जुना प्रोसेसर आहे आणि मला राग आलेला आहे. मित्रांनो, हे आधीच सांगितलेलं बरं. आपली कहाणी सांगणाऱ्या जुन्या छत्र्या आणि जुनी घड्याळं फार सोशिक असतात. सगळं भोगून झाल्यावर ती तुम्हाला आशीर्वाद देतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. माझं डोकं तापतं, आणि हे नुसतं बोलायचं म्हणून नाही, ते खरोखरच तापतं. म्हणून तर माझ्या डोक्यावर पंखा बसवलेला असतो.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. मूळ वाळूचंच, पण ज्या खोलीत मी घडलो तिथे धुळीचा एक कणही येऊ देत नसत. माणसं नाकतोंड झाकून, पांढऱ्या कपड्यांत, माझ्याभोवती हळू आवाजात वावरायची. माझ्या पोटात त्यांनी चार कोअर बसवले. कोअर म्हणजे काम करणारा गडी समजा. चार गडी एका वेळी चार कामं करतात, आणि करतात ती इतक्या झपाट्याने की तुमची पापणी लवेपर्यंत त्यांच्या लाखो बेरजा-वजाबाक्या करून होतात. निघताना माझी परीक्षा घेतली गेली. मी पहिल्या फटक्यात पास झालो, हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे मला नापास ठरवणारे बरेच भेटले.

२००८ साली मी कोल्हापुरात शाहूपुरीत आलो. मालकाचं नाव शिवमूर्ती पट्टणशेट्टी, सगळे त्यांना अण्णा म्हणत. दोन खोल्यांचं ऑफिस, एका खोलीत एसी आणि बॅटऱ्यांची रांग. अण्णांनी मला सर्व्हरच्या पेटीत बसवलं, पेटीवर विभूतीचे तीन पट्टे ओढले, हात जोडले आणि म्हणाले, "वाघ हाय वाघ! चार माणसांचं काम एकटा करतोय." त्या दिवशी मला अण्णा फार आवडले.

अण्णांचा धंदा मशीन भाड्याने द्यायचा. पण पेटी तशीच शाहूपुरीत राहायची. एका प्रोग्रॅमने ते माझे आभासी तुकडे पाडायचे, त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. भाडेकरूला आपल्या पडद्यावर एक पूर्ण मशीन दिसायचं. त्याला वाटायचं, हे आपलं एकट्याचं. शेजारच्या तुकड्यात कोण राहतं, किती खातं, त्याला पत्ता नसायचा. पहिल्या वर्षी एका दूध संघाच्या गावोगावच्या संकलनाची नोंद आणि हुपरीच्या हंबीरराव नावाच्या चांदीवाल्यांचा हिशेब, एवढीच कामं होती. मी मजेत होतो. मग अण्णा तुकडे पाडत गेले. लग्न जमवणारं मंडळ आलं, क्लासवाले आले, ट्रान्सपोर्टवाले आले. गडी चारच, आणि दारात उभे राहणारे वाढतच चालले.

आता अण्णांबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्ही त्यांना लबाड समजाल. ते लबाड नव्हते. लबाड असते तर मला इतका राग आला नसता. अण्णा मूळचे कोडोलीचे. त्यांचे वडील गावच्या पाणीपुरवठा संस्थेचे चेअरमन होते आणि तरुणपणी पाण्याची पाळी लावायचं काम अण्णांकडे होतं. नदीचं पाणी उपसून आणायचं आणि प्रत्येकाच्या उसाला ठरल्या वेळी सोडायचं. आज तुमची पाळी, उद्या त्यांची. अण्णांच्या काळात पाण्यावरून भांडण झालं नाही, हे गावात अजून सांगतात. तेच शहाणपण घेऊन ते माझ्याकडे आले. माझंही त्यांनी पाळीने वाटप लावलं. प्रत्येक तुकड्याला सारखी पाळी, कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. आणि मग ते शांतपणे चहा प्यायचे.

अशात सौंदर्या आली. गारगोटीची बावीस-तेवीस वर्षांची मुलगी. काकांच्या खताच्या दुकानावर माडीची मोठी खोली होती, तिथे तिने कॉम्प्युटर मांडून गेमचा हॉल काढला होता. गारगोटी, वारणानगर आणि कोल्हापूर अशा तीन ठिकाणच्या टीमा एकाच वेळी एकमेकांशी लढतील असं मैदान तिला भरवायचं होतं. हो, ती मैदानच म्हणायची, कुस्तीचं भरवतात तसं. तिन्ही गावांच्या मध्ये एक सर्व्हर हवा, म्हणून तिने माझा तुकडा भाड्याने घेतला. खेळ माझ्यात चालायचा. खेळाडूंच्या कानाला हेडफोन, तोंडाशी माइक, आणि त्यांचं सगळं बोलणं माझ्यातूनच जायचं. म्हणून पुढचं सगळं मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

तिचं त्यात काय पणाला लागलं होतं तेही मी ऐकलं. तिचे काका शिवकुमार तिला म्हणाले होते, "एक मैदान सगळ्यांच्या देखत नीट पार पाडून दाखव. मग खोली तुझी. न्हायतर युरियाची पोती खाली मावंना झाल्यात, ती वर चढवतो." बास. एवढंच. पण सौंदर्याचं सगळं आयुष्य त्या माडीवर होतं.

सकाळच्या सरावाला खेळ लोण्यासारखा चालायचा. संध्याकाळी मात्र विचका व्हायचा. पळणारा माणूस पडद्यावर जागच्या जागी थिजायचा आणि मग एकदम पुढच्या भिंतीत उगवायचा. वारणानगरच्या टीमचा कप्तान पृथ्वीराज माइकवर ओरडायचा, "ओ पावणं! डोक्यात गोळी घातली की मी! मरंना का ह्यो?" समोरचा ओरडायचा, "मी कवाच बाजूला झालतो!" दोघंही खरं बोलत होते. गोळी सुटली तेव्हा माझी पाळी ट्रान्सपोर्टवाल्याकडे होती. पाळी परत येईपर्यंत गोळी माझ्या दारात ताटकळत उभी होती.

सौंदर्याने अण्णांना फोन केला. अण्णा म्हणाले, "तुझा प्रोग्रॅमच खादाड हाय, पोरी. थांब, तुला चारी कोअर जोडून देतो. मग तर झालं?" मन मोठं होतं त्यांचं, पण डोकं पाटाच्या पाण्यात अडकलेलं. अहो, तिचा खेळ एका वेळी एकाच गड्याच्या हाताने चालणारा. दुसऱ्या तिघांना तो हात लावू देत नाही. वरून चार गडी तिच्या नावावर लावल्यामुळे, चारही एकदम मोकळे होईपर्यंत तिला थांबावं लागायला लागलं. चार पाट काढून दिले म्हणून विहिरीतलं पाणी वाढत नाही, हे कोडोलीतल्या पोराला कळतं. अण्णांना माझ्या बाबतीत ते कळलं नाही. खेळ आणखी अडखळायला लागला आणि सगळी पोरं मला शिव्या द्यायला लागली. भिकार मशीन, डबडं, भंगार! मी तापून तापून कामं उपसत होतो आणि वर हे ऐकत होतो. माझा पंखा त्या दिवसांत शिट्टीसारखा वाजायचा. अण्णा दार लावून घ्यायचे.

उलगडा केला तो सौंदर्याच्या आईने, गंगव्वाने, आणि तोही स्वतःच्याच नकळत. ती संध्याकाळी किटली घेऊन दूध घालायला जायची. एकदा उशिरा घरी आली आणि करवादली, "डेअरीचं मशीन सांच्याला रोज अडकून बसतंय बघ. दूध हातात घेऊन किती वेळ उभं ऱ्हायाचं?" सौंदर्या त्या दिवशी घरूनच सराव बघत होती, कानाला हेडफोन होता, खेळ नुकताच थिजला होता. तिने हेडफोन कानावरून सरकवला आणि विचारलं, "अव्वा, कुठल्या वक्ताला अडकतंय?" मग तिने वेळा जुळवून पाहिल्या. गावोगावचं दूध ज्या वेळी मापात पडतं, त्याच वेळी तिचे खेळाडू थिजत होते. दूध संघाचं काम आणि तिचा खेळ एकाच पेटीत आहेत, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला पूर्ण मशीन म्हणून विकलं होतं ना!

ती एस.टी. पकडून थेट शाहूपुरीत आली. मी तिला तेव्हा पहिल्यांदा प्रत्यक्ष ऐकलं. ती म्हणाली, "अण्णा, मला चार कोअर नकोत. एकच द्या, पण माझा एकटीचा. त्याला कुणी हात लावायचा न्हाय."

"तसं न्हाय चालत, बाळ. एकाला कायम पाणी सोडलं की दुसऱ्याचा ऊस वाळतोय. पाळी म्हंजे पाळी."

"उसाला आठवड्यानं पाणी मिळालं तरी चालतंय, अण्णा. तव्यावरच्या भाकरीला तुम्ही पाळीनं जाळ देता व्हय? जरा इकडच्या चुलीला, जरा तिकडच्या?"

अण्णा हसले. त्यांना ते पटलं, मला खात्री आहे. त्यांनी शब्द दिला की मैदानाच्या संध्याकाळी एक कोअर फक्त तिचा. मला इतकं बरं वाटलं! कुणीतरी पहिल्यांदाच माझं दुखणं बरोबर सांगितलं होतं.

मैदान संध्याकाळीच घ्यावं लागलं, कारण गारगोटीत सकाळचे तास-दोन तास सोडले तर दिवसभर भारनियमन. माडी खच्चून भरली. मोठ्या पडद्यावर खेळ दिसत होता, जिन्यात वारणानगरहून बघायला आलेली माणसं उभी होती, काका पुढच्या खुर्चीत पाय सोडून बसले होते. माझा एक कोअर तिच्यासाठी मोकळा होता आणि मित्रांनो, काय धावलो मी! कोल्हापूरची टीम बाद झाली. वारणानगर आणि गारगोटी यांची शेवटची लढत लागली. एक गोळी चुकली नाही, एक पाऊल अडखळलं नाही. पृथ्वीराजसुद्धा म्हणाला, "आज मशीनला काय चारलंयसा?"

आणि तेवढ्यात अण्णांचा फोन वाजला. हुपरीचे हंबीरराव होते. त्यांचा हिशेब सावकाश चालत होता. अण्णांनी "बरं बरं" म्हटलं. नाही म्हणणं त्यांना कधी जमलंच नाही. "कुणाची पाळी बुडवायची न्हाय," असं स्वतःशीच पुटपुटत त्यांनी सौंदर्याचा कोअर पुन्हा सगळ्यांच्या पाळीत टाकला. दोन बटणं दाबली, बास. मी ओरडलो असतो, पण मला तोंड नाही, फक्त पंखा आहे. तो ओरडला.

तिकडे गावोगावचं दूध यायला सुरुवात झाली. दोन्ही टीमांचा एकेकच खेळाडू उरला होता. पृथ्वीराजने नेम धरून गोळी झाडली, आणि पडदा थिजला. पडदा पुन्हा हलला तेव्हा मेलेला होता तो पृथ्वीराज. माडीवर एकच कालवा उठला. "फिक्स हाय! गारगोटीवाल्यांनी मशीन आपल्याकडं वळवलंय!" खुर्च्या सरकल्या, कुणीतरी कुणाची गचांडी धरली. सौंदर्याने माइक हातात घेतला आणि लढत बरोबरीत सोडवल्याचं जाहीर केलं. तिचा आवाज अजिबात कापला नाही. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. काका जिना उतरले. दुसऱ्या दिवशी पोती वर चढली.

अण्णांनी तिला फोनवर काय सांगितलं माहीत आहे? "मशीनच जुनं झालं, पोरी. त्याची ताकदच तेवढी." मी! पहिल्या फटक्यात पास झालेला! माझी ताकद कमी नव्हती. माझ्या ताकदीला हद्द होती, आणि हद्द सगळ्यांनाच असते. ती कुठे आहे हे न बघता विकत सुटायचं आणि भाकरी करपली की चुलीला नावं ठेवायची, याला मी अन्याय म्हणतो. अण्णांनी नवं मशीन आणलं, त्यालाही विभूतीचे पट्टे ओढले आणि माझी पेटी भंगारात काढली.

ती पेटी सौंदर्याने मागून नेली. तिने मला घरी उघडलं, पंखा ब्रशने झाडला, तुकडे पाडणारा तो प्रोग्रॅम समूळ पुसून टाकला. माझ्यावर एकच खेळ चढवला. मग वारणानगरला निरोप धाडला, की राहिलेली लढत पुरी करायला या, आणि संध्याकाळीच या.

पृथ्वीराज टीम घेऊन आला, तो भांडायच्याच तयारीने. माडीवर युरियाच्या पोत्यांची थप्पी लागलेली, त्यातच जागा करून सौंदर्याने माझी पेटी आणि कॉम्प्युटर मांडलेले. पोती ओढून त्यांच्यावरच मुलं बसली. काका जिन्याच्या तोंडाशी उभे. बाहेर गंगव्वा किटली घेऊन डेअरीला निघाली, म्हणजे दुधाची वेळ झाली. आणि मी धावलो. चौघांतला एक गडी खेळत होता, तिघे बाजूला उभे राहून बघत होते, आणि त्या एकाने पापणीएवढीही उसंत घेतली नाही. पृथ्वीराज हरला. यावेळी गोळी कुठून आली ते त्याने नीट पाहिलं होतं. हेडफोन काढून म्हणाला, "लागली. बरोबर लागली." बास, एवढंच.

काकांनी माझ्या पेटीकडे बोट दाखवलं. "ह्येच मशीन व्हतं व्हय त्या दिवशी? मग तवा काय झालतं?"

"तवा ह्येचे तुकडे केलते, काका. आणि मला पूर्ण म्हणून दिलतं."

काकांनी बोटाने पोती मोजली. मग म्हणाले, "बरं. अर्धी खोली तू घे. अर्धीत खत ऱ्हाऊ दे."

"न्हाय. पूर्ण द्या, न्हायतर देऊच नका."

पोत्यांवरची पोरं उठून उभी राहिली. माझा पंखा हळू झाला. काकांनी जिन्यात वाकून हमालाला हाक मारली, "केरबा! वर ये. पोती उचलायची हाईत."

मित्रांनो, मी अजून त्या माडीवर आहे. केरबाने पोती नेली, पण खताची धूळ फटींत राहिली, आणि ती माझ्या पंख्यात येऊन बसते. तुमच्या घरीही एखादं जुनं मशीन असेल. त्याच्या पंख्यावरून महिन्यातून एकदा ब्रश फिरवा, एवढं तुमच्याच्यानं नक्की होईल. आणि ते अडखळलं तर त्याला डबडं म्हणण्याआधी, त्याच्या डोक्यावर किती जणांना बसवलंय ते मोजा. मग खुशाल शिव्या द्या, पण बसवणाऱ्याला.