नियमात बसत नाही

खिडकीशी खुर्ची एकच होती. ती सासूने पुढे ओढली, पिशवी मांडीवर घेतली आणि बाळंतपणाच्या भत्त्याचा अर्ज आत सरकवला. सून मागे, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. सातवा महिना होता. खिडकीतल्या कारकूनबाईंनी अर्ज दोन्ही बाजूंनी पाहिला.

"गेल्या वर्षभरात कुठे नोकरी?"

प्रश्न सुनेला होता. उत्तर सासूने दिलं.

"छे हो! सुनेला नोकरीला धाडायची वेळ नाही आली आमच्यावर. स्वतःची लाँड्री आहे. ही घरीच असते."

हे वाक्य सासू नातेवाइकांत नेहमी टाकायची आणि तिथे ते छान खपायचंही. इथे मात्र कारकूनबाईंनी पेनाला टोपण लावलं.

"मग या नियमात बसत नाहीत."

सुनेने खुर्चीची पाठ धरली. गेल्या वर्षी पाचव्या महिन्यात तिचं मूल गेलं होतं. या खेपेला डॉक्टरांनी परवाच दम भरला होता: आता बाळंतपणापर्यंत आडवं पडून राहायचं, उभ्याने काम बंद. बाळंतपणाचा भत्ता मिळाला, तर तिच्या जागी लाँड्रीत एक बाई ठेवता येणार होती. नाही मिळाला, तर उद्या सकाळी इस्त्री होतीच.

"बसत नाही म्हणजे?" सासूचा पारा चढला. तिच्या कानावर तेवढाच शब्द पडला होता. "अहो, ती कुठली बसतेय! सकाळी सहाला शटर वर करते. कपड्यांना नंबराच्या चिठ्ठ्या टाचायच्या, डाग हुडकायचे, कॉलरी घासायच्या. दुपारभर मशीन. आणि इस्त्री तर तिनेच करावी, मी केलेला शर्ट गिऱ्हाईक परत आणून देतं. वर घरचा स्वयंपाक आहेच. बसते म्हणे!"

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. कारकूनबाई हसल्या नाहीत. त्यांनी टोपण पुन्हा काढलं.

"म्हणजे या काम करतात."

"काम कसलं? हातभार लावते. घरचंच तर आहे."

"पगार?"

"घरच्या माणसाला कोण पगार देतं?"

"नका देऊ. घरच्या धंद्यात बिनपगारी केलेलंही चालतं, सव्वीस आठवडे भरले की झालं." बाईंनी खणातून एक पिवळा कागद काढला. "फक्त मालकाने लिहून द्यायला हवं. दुकान कुणाच्या नावावर?"

"माझ्याच," सासू ताठ होत म्हणाली.

"मग लिहा. आणि ते हातभार वगैरे नको हं. काम करते, असं स्पष्ट लिहा."

पावत्या लिहून लिहून सासूचं अक्षर वळणदार झालं होतं. ‘ही माझ्या दुकानात’ इथवर ते झरझर आलं आणि थांबलं. तिने एकदा मागे वळून सुनेकडे पाहिलं. मग ‘काम करते’ लिहिलं, जरा दाबूनच.

"कधीपासून?" तिने कागदावरची नजर न काढता विचारलं.

"लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यापासून," सून म्हणाली. इथे आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलली होती.

सासूने तारीख घातली. खाली आणखी एक रकाना होता: कामात खंड पडला असल्यास दिवस व कारण.

"रेघ मारा आई," सून हळूच म्हणाली. "कितीसा पडलाय."

सासूने रेघ मारली नाही. तिने लिहिलं, तीन दिवस.

कारकूनबाईंनी ते उलटं होतं तरी वाचलं. "एवढाच? मग काहीच अडचण नाही. कारण टाका आणि सही करा."

सासूचं पेन कागदावर टेकलेलंच राहिलं. त्या खेपेला चौथ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या चादरींचे गठ्ठे येऊन पडले होते. जिन्याखालून सुनेला हाक तिनेच मारली होती. सून खालीही आली होती, एका शब्दाने न कुरकुरता. तेव्हा सासूने चार घरी कौतुक सांगितलं होतं, पोर मोठी चिवट आहे म्हणून.

"आजी, रांग आहे मागे," कारकूनबाई म्हणाल्या.

सासूने लिहिलं, ‘मूल गेलं.’ सही केली. कागद आत सरकवला आणि खुर्चीवरून उठली.

"बस."

"नको आई, मी बरी आहे उभी."

"बस म्हणते ना!"

आवाज जरा मोठाच निघाला. रांगेतल्यांनी माना वळवल्या. आत शिक्का पडला आणि कारकूनबाई म्हणाल्या, "पुढच्या महिन्यापासून मिळेल."

सून बसली. पण खुर्चीच्या कडेवर, नुसती टेकून. हाक आली तर पटकन उठता यावं, अशी.