बधिर अंगठा

मानेतल्या दबलेल्या नसा मोकळ्या करायचं ऑपरेशन झालं, तरी शिंपीणबाईंचा अंगठा बधिरच होता. येणारा-जाणारा चौकशी मात्र मानेचीच करी.

"मान गेली खड्ड्यात," त्या नवऱ्यावर वैतागल्या. "अंगठ्याला कापडच कळलं नाही, तर मशीन काय पायाने चालवू?"

"पायानेच तर चालवतेस, अगं."

गळ्याच्या पट्ट्यामुळे मान वळवून त्याच्याकडे रागाने बघताही येईना. हिसडा द्यायला त्यांनी चाचपडत त्याची बाही धरली आणि हात थबकला. आत असायला हवी ती शिवण अंगठ्याला बाहेरून लागत होती.

"अहो, शर्ट उलटा घातलाय तुम्ही."

"सकाळपासून? कुणी बोललं कसं नाही?"

"सगळे माझ्या मानेकडेच बघत होते ना," त्या करवादल्या, पण बाही काही सोडेनात.