उजवी पाकळी

मी देव मानत नाही. भोरमध्ये हे सगळ्यांना माहीत आहे, कारण मी ते सगळ्यांना सांगितलेलं आहे, काहींना दोनदा. आमची सौदामिनी म्हणते, देवळातल्या पुजाऱ्यानंही देवाचं नाव तुमच्याइतकं घेतलं नसेल. बायकोच ती, तिला उत्तर देण्यात अर्थ नसतो.

तर असा मी, निवृत्त शिक्षक, एका रविवारी सकाळी स्कूटर काढून वेल्ह्याकडच्या एका वाडीत भैरवनाथाच्या देवळात जाऊन बसलो. कारण प्रेरणा, माझी विद्यार्थिनी. बारावीला उत्तम मार्क, पुण्यात नर्सिंगला नंबर लागलेला, आणि सोमवारी प्रवेशाची शेवटची तारीख. अडून बसला होता तिचा बाप, टेम्पो चालवणारा कुमार. पोरगी एकटी होस्टेलला राहणार नाही, एवढंच त्याचं म्हणणं. मी त्याला तीनदा समजवायला गेलो. स्त्रीशिक्षण झालं, समाजाची प्रगती झाली. त्यानं तिन्ही वेळा चहा पाजला आणि माझं सगळं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी त्याचे वडील गेनबा म्हणाले, देवाला कौल लावू. भैरवनाथाची पूजा त्यांच्याच घराकडे. वाडीत कुणाचं लग्न, कुणाची विहीर, भावाभावांतला बांध, सगळं आधी देवाला विचारतात. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर झेंडूच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. एका मुलीचं आयुष्य झेंडूच्या पाकळीवर! माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर चार शब्द सुनावायचे असं ठरवूनच मी गेलो होतो, मुद्दे कागदावर लिहून नेले होते.

कुमार हात जोडून उभा होता. प्रेरणा खांबाला टेकून, ओढणीचं टोक मुठीत धरून. गेनबांनी तांब्यात पाकळी बुडवली आणि डाव्या खांद्यावर दाबून बसवली. मग उजवी घेतली. ती त्यांनी हळूच धोतराला पुसली आणि नुसती टेकवली. मी विज्ञान शिकवायचो, कुठली आधी पडणार हे मला तिथंच कळलं. कागद बाहेर काढायची हीच वेळ होती. मी काढला नाही. उलट, सांगायला लाज वाटते, मनातल्या मनात म्हणालो, पड रे बाबा, उजवी पड. कुणाला म्हणालो ते विचारू नका.

उजवी पडली. कुमारनं डोकं टेकलं आणि उठून सांगून टाकलं, उद्या टेम्पो भाडं घेऊन शिवऱ्याला न्यायचा नाही, पोरीला घेऊन पुण्याला जायचं. तीन चहांत जे झालं नाही ते एका पाकळीनं केलं. मला आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर थोडा मत्सरही वाटला.

कुमार नारळ फोडायला बाहेर गेला तसं मी गेनबांना गाठलं. पाकळी पुसताना मी पाहिलं, असं स्पष्टच म्हटलं. ते जरासुद्धा ओशाळले नाहीत.

"गुरुजी, तुमचं ऐकलं आसतं तर कुमार हरला आसता," ते म्हणाले. "देवाचं ऐकलं की कुनीच हरत न्हाई."

माणसाला धर्म का लागतो या विषयावर मी एकदा वाचनालयात दीड तास बोललो होतो. लोक जांभया देत होते, आणि बरोबरच होतं त्यांचं. गेनबांना दोन वाक्यं पुरली. मी त्यांना अगदी मनापासून हात जोडले.

प्रेरणा मागेच उभी होती हे तेव्हा आमच्या लक्षात आलं. तिनं सगळं ऐकलं होतं. ती हसेल, आजोबांच्या पाया पडेल असं मला वाटलं.

"आबा," तिनं हळूच विचारलं, "आत्याला फुडं शिकायचं व्हतं, तवा डावी पडली व्हती ना?"

आत्या म्हणजे गेनबांची थोरली लेक. सातवीत पहिली आली आणि त्याच वर्षी तिची शाळा सुटली, एवढंच मी ऐकून होतो.

गेनबांनी तांब्यातलं उरलेलं पाणी देवाच्या पायावर ओतलं.

"तवाबी हात माजाच व्हता, बाळा."

प्रेरणा पाया पडली नाही. मोबाईल काढून आत्याला फोन लावत ती देवळाबाहेर गेली. आम्ही दोघं म्हातारे देवासमोर बसून राहिलो, आणि मुद्द्यांचा कागद माझ्या खिशात घडी घातलेला तसाच होता.