‘त्रास नाही’ची खूण

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे आणि मित्रांनो, मी जात्याच भित्रा आहे. कुणी वायर ओढली तरी मी दचकतो. कपडे शिवण्याच्या कारखान्यात मला आणलं ते चीगोंगसाठी. संथ श्वासाबरोबर संथपणे हात हलवायचा हा चिनी व्यायाम. त्याची कॅसेट माझ्यात घातलेली.

रोज चार वाजता शिलाईयंत्रं थांबत आणि मी सांगे, “श्वास घ्या, ढग ढकला.” पहिला आठवडा हसण्यातच गेला. “ढग ढकलतोय की भिंत रंगवतोय?” असं काजं करणाऱ्या काकू विचारायच्या. त्यांची बोटं बधिर व्हायची, सुई धरवत नसे. दोन महिन्यांनी त्याच काकू शेजारणीला म्हणाल्या, “अगं, हल्ली सलग झोप लागते. आणि बोटं बघ, वळतात!” मला फार बरं वाटलं.

मग एके दिवशी मॅनेजरसाहेब फॉर्म घेऊन आले. व्यायाम सुरू होण्याआधी सगळ्यांकडून दुखण्याखुपण्याचा एक फॉर्म भरून घेतला होता, तीन महिन्यांनी दुसरा.

“आधीही ‘त्रास नाही’, आताही ‘त्रास नाही’. फरक शून्य! उद्यापासून बंद. हा डबा भंगारात द्या.”

माझी पाचावर धारण बसली. पहिला फॉर्म माझ्यासमोरच भरला होता. दुखतं म्हटलं तर कामावरून काढतील, या धास्तीने सगळ्यांनी एकमेकांचं बघून ‘त्रास नाही’वर खूण केली होती. पण बटण दाबल्याशिवाय मला बोलता कुठे येतं?

सगळे माना खाली घालून उभे होते. काकूंनी हातातली कात्री खाली ठेवली आणि त्या पुढे आल्या.

“साहेब, पहिला फॉर्म मी खोटा भरला.”

“का?”

“घरी बसवाल म्हणून.”

“आणि आता भीती वाटत नाही?”

“वाटते ना! पण हे बंद झालं, तर बोटं पुन्हा बधिर होतील. मग तसंही घरीच बसायचंय.”

मग इस्त्रीवाले दादा पुटपुटले, “माझाही खोटाच.” मागून आणखी दोघी बोलल्या.

साहेब खुर्चीत बसले. “पुन्हा भरा. आधी कसं होतं, आता कसं आहे, दोन्ही. नाव घालू नका.”

मित्रांनो, नव्या फॉर्मांत फरक दिसला आणि मी अजूनही रोज चार वाजता ढग ढकलायला सांगतो; माझ्यावरची धूळ तेवढी पुसत जा. आणि कुणी “बरे आहात ना?” विचारलं, तर भीत भीत का होईना, खरं सांगा. विचारणाऱ्यांनो, तुम्हीही आधी त्यांची भीती घालवा, मग फॉर्म द्या.