बसायची माझ्यावर, रमायची तिकडे

मी प्राजक्ताची खुर्ची बोलतेय. काळी, चाकांची, पाठीला जाळी असलेली. आधीच सांगून टाकते, माझा स्वभाव काही चांगला नाही. मला हेवा वाटतो, आणि तोही एका खोलीचा. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्या पुष्कळ बहिणींबरोबर ट्रकमधून भोपाळला आले आणि शाहपुऱ्यातल्या एका ऑफिसात साहेबांच्या वाट्याला गेले. साहेब माझ्या पाठीवर पांढराशुभ्र टॉवेल टाकायचे. ते जागेवर नसले तरी माझ्यावर बसायची कुणाची हिंमत नव्हती. पुढे ते ऑफिस बंद पडलं आणि सामान विकायला निघालं. पिपलानीच्या क्वार्टरमध्ये राहणारे मिलिंदराव, तिथल्याच कारखान्यातले इंजिनीअर, मला ऑटोत घालून घरी घेऊन आले. बायकोला म्हणाले, ही तुझ्या ऑफिससाठी. ऑफिस म्हणजे बैठकीच्या खोलीतला खिडकीजवळचा कोपरा.

बायको म्हणजे प्राजक्ता. मिळेल त्या धंद्यासाठी लिहून देणं हे तिचं काम. नोकरी कुणाचीच नाही, कामं मात्र सगळ्यांची. आज पाण्याच्या पंपाचं माहितीपत्रक, उद्या दातांच्या दवाखान्याची जाहिरात, मग फरश्या, लोणची, ट्रॅक्टरचे टायर. बहुतेक हिंदीत, कधी इंग्रजीत, आणि विचार करताना स्वतःशी पुटपुटायची मराठीत. पंपाबद्दल लिहिताना ती पंप विकणाऱ्यासारखी हात हलवायची आणि दातांबद्दल लिहिताना जिभेने स्वतःच्या दाढा चाचपायची. साहेब माझ्यावर बसून पेंगायचे, ही कामात बुडून जायची. मी तिच्यावर जीव टाकला.

पण लिहून झालं की ती उठायची आणि लॅपटॉप उचलून थेट मुलांच्या खोलीत जायची.

काय ती खोली. क्षितिजा नववीत, वरुण पाचवीत, आणि पसारा दोघांच्या वयांच्या मानाने फारच मोठा. धुतलेले आणि न धुतलेले कपडे एकाच पलंगावर, खिडकीत रंगाच्या पाण्याने भरलेला कप, कंपासपेटीत पोह्यातले शेंगदाणे. मला माझ्या जागेवरून दारातून सगळं दिसायचं. प्राजक्ता रोज ओरडायची आणि रोज हरायची. मग त्याच पसाऱ्यात पायाने थोडी जागा करून फरशीवर बसायची आणि लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवायची.

तिची एक पद्धत होती. वरुण जिथे "मतलब?" म्हणेल ते वाक्य बदलायचं. क्षितिजा जिथे जांभई देईल तो परिच्छेद सरळ काढून टाकायचा. लोळत ऐकणाऱ्या या दोघांना कळलं तर गिऱ्हाइकाला कळेलच, असं ती मिलिंदरावांना सांगायची. वाचता वाचता भलतेच विषय निघायचे, पंपाचं राहायचं बाजूला आणि तिघं खदाखदा हसत बसायची. मी इकडे रिकाम्या टेबलाकडे तोंड करून उभी. माझ्यात काय कमी होतं? मी पाठ सांभाळते, वर-खाली होते, म्हणाल तिकडे वळते. त्या फरशीला साधं वळता तरी येतं का? जळफळाट व्हायचा माझा.

मग इंदूरच्या एका कपाटवाल्यांचं काम आलं. विषय होता, मुलांची खोली नीटनेटकी कशी ठेवावी. आणि त्यांची अट अशी की लेखासोबत लेखिकेच्या स्वतःच्या घराचा फोटो हवा. प्राजक्ता आधी ओशाळली, मग तिने पदर खोचला. मुलं शाळेत गेली होती, तेवढ्यात तिने खोलीचा कायापालट केला. वाळलेली पेनं, फाटके चार्ट, जुने खोके, सगळं कबाडवाल्याला दिलं. त्या खोक्यांत वरुणची अर्धवट बनवलेली सिटी बस होती. तिला ते खोकंच वाटलं. मला विचाराल तर मलाही खोकंच वाटलं, आणि आनंद झाला.

फोटो छान आला. लेखही झकास झाला. त्यात एक वाक्य होतं: ज्या वस्तूची जागा ठरलेली नाही, तिने खोलीत राहू नये.

वरुणने घरभर बस शोधली. आईने कबाडवाल्याचं सांगितलं तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. प्राजक्ताने त्याची माफी मागितली, नवे खोके आणून दिले. त्याने ते घडी घालून कपाटात ठेवले. क्षितिजाने आईच्या फोनवर तो लेख पूर्ण वाचला. त्या दिवसापासून खोली आवरलेलीच राहू लागली. चादरीला सुरकुती नाही, फरशीवर कागदाचा कपटा नाही.

पुढचं काम लिहून झाल्यावर प्राजक्ता नेहमीसारखी लॅपटॉप घेऊन तिकडे गेली. क्षितिजा दारातच उभी राहिली.

"आई, तूच लिहिलंयस ना, ज्याची जागा फिक्स नाही ते इथे नको. तुझी खुर्ची बाहेर आहे. तिकडे बस ना, प्लीज."

शपथेवर सांगते, त्या मुलीने माझं नाव घेतलं तेव्हा मला साहेबांच्या टॉवेलहूनही मोठा मान मिळाल्यासारखं झालं. प्राजक्ता परत आली आणि माझ्यावर बसली. आता ती फक्त माझी होती. लिहायची माझ्यावर, चहा प्यायची माझ्यावर, वाचायचीही माझ्यावर बसून, खिडकीच्या पडद्याला उद्देशून.

पडदा कशाला काय म्हणणार? रुग्णालयातल्या खाटा बनवणाऱ्या एका साकेत नगरच्या गिऱ्हाइकाचा फोन आला. तो आदबीने म्हणाला, "मैडम, सब ठीक है, बस पहले वाली बात नहीं है." तिने ते पुन्हा लिहिलं, पुन्हा वाचलं, आणि मध्येच थांबून स्वतःलाच हळू आवाजात विचारलं, "मतलब?"

उत्तर द्यायला मी होते. पण मला फक्त करकरता येतं. मी करकरले. तिच्या पाठीचा सगळा भार माझ्यावर होता, आणि ती माझ्याजवळ अजिबात नव्हती. इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी झुरले ते हेच होतं का?

ती उठली. मला वाटलं, पाणी प्यायला. तिने माझी पाठ धरली आणि मला ढकलत मुलांच्या खोलीत नेलं. उंबऱ्यावर माझं एक चाक निखळलं, तरी ती थांबली नाही. पलंग आणि कपाटाच्या मध्ये मला उभं करून ती क्षितिजाला म्हणाली, "ही माझी जागा. आता ठरली. बसू?"

 क्षितिजाने शाळेचा स्वेटर काढला आणि माझ्यावर भिरकावला. वरुणने त्यावर दप्तर टाकलं, आणि कपाटातले खोके बाहेर काढले.

प्राजक्ताला बसायला मी उरलेच नाही. ती माझ्या पुढ्यात फरशीवर बसली आणि वाचू लागली.

आता मी लिहिण्याची खुर्ची नाही. एक चाक गमावून तोल सांभाळणारी, कपड्यांच्या ढिगाखाली गेलेली खुर्ची आहे. खोटं कशाला बोलू, हेवा गेलेला नाही. फरशीचा तर रोज वाटतो. पण वाचता वाचता ती दमते, मान मागे टाकते, तेव्हा तिचं डोकं माझ्या गादीवर असतं. मुलांनो, कितीही पसारा करा, माझ्यावर काय हवं ते फेका. फक्त पुढची एक कड तेवढी मोकळी ठेवा.