बुधवारची मतं

माझी थोरली बहीण बुधवारी संध्याकाळी हसत नाही. सात वाजल्यापासून टीव्हीवर ओळीने चार विनोदी मालिका लागतात, आणि ताईच्या मते ज्याला विनोद कळतो त्याला हसायला सवड नसते. मालिकेच्या मागून जे हशे ऐकू येतात त्यांच्याबद्दलही तिचं मत पक्कं आहे. "ती पगारी माणसं. त्यांचं मनावर घ्यायचं नाही."

ताई मुलींच्या शाळेत पीटी शिकवते. मैदानाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या मुलीचे गुडघे नुसत्या आवाजाने सरळ करायचे, हे तिचं आयुष्यभराचं काम. तोच आवाज ती घरी घेऊन येते. भावजी गेल्यावर ती थोडे दिवस म्हणून आमच्याकडे राहायला आली, आणि ते थोडे दिवस अजून चालू आहेत. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवतो. तिथे माझ्या पायाखालीसुद्धा एक ब्रेक असतो. घरी ती सोय नाही.

बुधवारच्या जागा ठरलेल्या. सोफ्याच्या मधोमध ताई, कडेला उरलेल्या जागेत मी, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्चीवर माझी बायको. जाहिराती लागल्या की चहा टाकायला उठता यावं, म्हणून ती तिथे. बायको एका इस्पितळात टेलिफोनवर आहे. दिवसभर घाबरलेल्या लोकांना या वॉर्डातून त्या वॉर्डात जोडून देते. बोलून बोलून दमते म्हणून घरी गप्प असते, अशी माझी समजूत होती. मी तिला तसं कधी विचारलं नव्हतं.

पहिली मालिका 'जावई कायमचे'. यातला खादाड जावई सुरुवातीला चांगला होता, पण आता त्याचं पोट सुटलंय, असं ताईचं म्हणणं. "हावरा माणूस उपाशी दिसला तर हसू येतं. हा जेवून आल्यासारखा दिसतो." दुसरी 'लिफ्ट बंद आहे'. ही कुणा शहाण्याने लिहिलेली आहे, पण दिग्दर्शन मेव्हण्याला द्यावं लागलेलं दिसतं. चौथी 'साहेब जेवायला गेलेत'. तिचा शेवट ताई सुरुवातीलाच सांगून टाकते आणि तसाच झाला की मालिकेवर चिडते.

राहिली तिसरी, 'उसनी साखर'. एक बडबडी बाई शेजारच्या घरी रोज काहीतरी मागायला येते, कधी साखर, कधी छत्री, एकदा तर शेजारणीचा नवराच, माळ्यावरची ट्रंक काढायला. ही ताईची लाडकी. "चारही मालिकांत हाडामांसाचं माणूस हे एकच," असं ती म्हणायची आणि आमच्याकडे बघायची. आम्ही मान हलवायचो.

मागच्या वर्षी ताईचा आवाज बसला. गुळण्या झाल्या, काढे झाले, शाळेतल्या इतर शिक्षिकांनी सांगितलेलं सगळं झालं. आवाज काही उठेना. डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि स्वरयंत्रावर गाठ आहे म्हणाले. ती काढली, तपासायला पाठवली, आणि ताईला बजावलं, "महिनाभर एक अक्षरही बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही."

"महिनाभर?" मी विचारलं. माझ्या आवाजात जो आनंद आला तो मला स्वतःलाच आवडला नाही.

गाठीचा रिपोर्ट यायच्या आधी एक बुधवार आला. ताई मधोमध बसली. जावई आले, जेवले. लिफ्ट बंद पडली. कुणीच काही बोललं नाही. इतकी वर्षं मी मनातल्या मनात म्हणत आलो होतो की एकदा तरी हे शांतपणे बघायला मिळावं. मिळालं, तर लक्षात आलं की त्या मालिकांत फारसं काही नव्हतंच. मागची पगारी माणसं खदखदून हसत होती आणि आम्ही तिघं कुणाचं तरी प्रेत उचलायचं असल्यासारखे बसलो होतो. शेवटी ताईनेच टीव्ही बंद केला आणि साहेब जेवायला जायच्या आधीच आम्ही जेवायला बसलो.

रिपोर्ट चांगला आला. गाठ साधी होती. ताईने तो कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि आमच्याकडे पाठ करून बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिली. बायकोने तिच्या पाठीवर हात ठेवला. मी गाडी पुसायला खाली गेलो, स्कूलची गाडी, जी पुसणं माझं काम नाही.

पुढच्या बुधवारी ताई गळ्यात शाळेची शिट्टी अडकवून बसली. शिट्टी वाजवू नका असं डॉक्टर म्हणाले नव्हते. जावयाच्या पहिल्याच वाक्याला शिट्टी झाली. पाणचट विनोद, शिट्टी. शिळा विनोद, लांब शिट्टी. लिफ्टमध्ये अडकलेल्यांच्या वाट्याला इतक्या शिट्ट्या आल्या की वरच्या मजल्यावरचे काका खाली येऊन विचारून गेले, "कुकर आहे का?"

मग 'उसनी साखर' लागली. बडबडी बाई आली, तिने इस्त्री मागितली. शिट्टी झाली नाही. ताईने लाडकीकडे बोट दाखवून आमच्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"मला नाही पटत," बायको म्हणाली.

मला आधी वाटलं टीव्हीतलंच कुणीतरी बोललं.

"या मालिकेतली खरी बाई ती नाही," बायको दाराशी बसूनच म्हणाली. "खरी ती, जी दार उघडते. रोज उघडते. हातातलं टाकून येते, हवं ते देते, आणि कधी दिलेलं परत मागितलं तर सगळ्यांनी हसायचं. तिला एक विनोद दिलाय का कुणी? एक?"

ताईने शिट्टी तोंडात घातली. मग काढली.

"ती कंटाळवाणी आहे!" ताई म्हणाली.

म्हणजे म्हणाली असं म्हणायचं. पत्र्यावर वाळू ओतावी तसा आवाज निघाला. ताई स्वतःच दचकली आणि तिने गळा धरला.

"कंटाळवाणी नाहीये," बायको म्हणाली. "दमलीये."

पडद्यावर हशा झाला. बायको चहा टाकायला उठली, जाहिराती लागलेल्या नसताना. मी सोफ्याच्या कडेला बसून कार्पेटवर उजवा पाय दाबून धरला.

ताई उठून आत गेली. मला वाटलं, आता भांडी वाजतील. वाजली नाहीत. आत जाऊन पाहिलं तर ताई ओट्याशी उभी होती, बायकोच्या हातातलं पातेलं काढून घेत होती, आणि बायको ते सोडत नव्हती. दोघी एका पातेल्याला धरून उभ्या होत्या. शेवटी बायकोने सोडलं. ताईने हाताने तिला बाहेरची वाट दाखवली, मैदानावर मुलींना दाखवते तशी. बायको येऊन सोफ्यावर बसली, मधोमध. दुसरी जागाच नव्हती, माझी कड तर इतकी अरुंद.

ताईने केलेला चहा वाईट होता. आम्ही प्यायलो.

महिना झाल्यावर तपासणीला तिघंही गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "अजिबात बोलला नाहीत ना?"

ताईने नाही अशी मान हलवली.

"बोलल्या," बायको म्हणाली. "तीन शब्द. आणि शिट्टी."

"शिट्टी?" डॉक्टरांनी चष्मा काढला. ते बरंच काही बोलले. आता आवाज पूर्वीसारखा होणार नाही, मैदानावर ओरडणं बंद, आणि काही दिवस तरी रोज फक्त थोडंसं, मोजूनमापून बोलायचं. घरी येताना ताई गाडीत गप्प होती. डॉक्टरांचं ऐकून, की बायकोवर चिडून, ते मला आरशातून कळलं नाही. उतरताना तिने बायकोची पिशवी उचलली तेव्हा थोडंफार कळलं.

ताईने शाळेत मुलींना हातवाऱ्यांनी शिकवायला सुरुवात केली. मुली म्हणे जास्त घाबरतात. बुधवारी दिवसभर ती चकार शब्द काढत नाही, सगळं बोलणं संध्याकाळसाठी राखून ठेवते. जावयावर आता एखादंच वाक्य खर्च होतं, लिफ्टवर तेही नाही. तिची मतं त्यामुळे सुधारली आहेत. पूर्वी दहा असायची, त्यातली आठ तरी नुसती बोलायची म्हणून असायची.

परवा 'उसनी साखर'मध्ये शेजारीण आजारी पडली आणि दार उघडायला तिची जाऊ आली. जाहिराती लागल्या. मी चहा टाकायला उठलो, हल्ली तो मी टाकतो.

"बदली बाई बरी होती," ताई त्या नव्या खरखरीत आवाजात म्हणाली. "चटपटीत."

"छे!" बायको म्हणाली. "तिने दार अर्धंच उघडलं."

"तेच तर चांगलं केलं."

"ताई, तुम्हाला काही कळत नाही."

ताईने तोंड उघडलं, मग हाताने थांब अशी खूण केली. तिचं त्या दिवसाचं बोलणं संपत आलं होतं.

"बरं, तू सांग," ती म्हणाली, आणि पाय वर घेऊन ऐकायला बसली. मी चहा घेऊन आलो तरी बायको बोलतच होती.