योरुनच्या दगडावरचं नाव

एइलिफची चारही पुस्तकं मी वाचली आहेत. गावात कुणाला ते खरं वाटत नाही, कारण मी पडले प्रार्थनाघरातली बाई. बायबलचा एक अध्याय झाल्याशिवाय मी सकाळची कॉफी तोंडाला लावत नाही, रविवारी सुई हातात धरत नाही. अशी बाई जादूटोण्याच्या कादंबऱ्या कशाला वाचेल? पण ज्या मुलीवर त्या लिहिल्या, ती माझी. योरुन. एइलिफशी तिचं लग्न ठरलं होतं.

पहिला भाग मला आवडला, खोटं कशाला बोलू. समुद्राखालचं राज्य, आणि वाऱ्यांना नावानं हाक मारणारी सेल्वारा. हसताना नाक मुरडते, अगदी योरुनसारखी. दुसऱ्या भागात सील कातडी उतरवून माणसं होतात आणि ती कातडी चांदण्यात वाळत घालतात. ते वाचताना माझे चुलीवरचे बटाटे करपले.

त्याच भागात सेल्वाराची आई येते. डोक्याभोवती गुंडाळलेली वेणी, सतत पुटपुटणारे ओठ. मुलीच्या दाराला ती मंत्रांची कुलपं घालते.

"अगं, मनावर काय घेतेस?" शेजारची आल्फहिल्ड म्हणाली. "कल्पना असते ती."

"वेणी माझी आहे."

"वेणी काय, गावात चौघी घालतात."

"घालायच्या. आता मी एकटीच उरलेय."

तिने वाफल्सवर जॅम वाढला आणि विषय बदलला.

तिसऱ्या भागात वादळात नाव फुटते. सेल्वारा आपल्या प्रियकराला किनाऱ्याकडे ढकलते आणि स्वतः लाटेखाली जाते. इथे वाचक रडतात म्हणे. मी नाही रडले. खरं तर त्या मार्चच्या सकाळी जाळी काढायला योरुन आणि एइलिफ दोघं जाणार होते. योरुन त्याच्या खिडकीवर टकटक करून परत आली, विसरलेला थर्मास उचलला आणि म्हणाली, "आई, रात्री ढोसलीय त्यानं. ओंडक्यासारखा पडलाय. जाते मी एकटीच."

नावेत दुसरं कुणी नव्हतं. हे मला माहीत आहे, आणि त्याला. मी कुणापाशी बोलले नाही. वाटायचं, पोराच्या मानेवर आधीच केवढं ओझं असेल. ते ओझं त्याने चार पुस्तकांत उतरवून ठेवलं.

चौथ्या भागात सेल्वारा समुद्रातून परत येते आणि त्याच्याशी लग्न करते. माझीही परत आली होती. बचावबोटीतून, ताडपत्रीखाली.

आता वाचक दूरदूरून येतात, तिच्या कबरीवर मेणबत्त्या लावतात. आमच्याकडे कबर ज्याच्या नावावर असते, त्याच्या सहीशिवाय दगडाला कुणी हात लावू शकत नाही. म्हणून ऑक्टोबरात एइलिफ माझ्या दारात आला.

"गुन्वोर मावशी," बूट काढता काढता तो म्हणाला, "नावाखाली बारीक अक्षरांत फक्त 'सेल्वारा' कोरायचं. बाकी काही नाही. लोक शोधत फिरतात हो, भलत्याच दगडांवर मेणबत्त्या लावून जातात."

मी त्याला कॉफी ओतून दिली.

"शनिवारी वाचनालयात तुझा कार्यक्रम आहे ना? तिथे सांग, त्या सकाळी नावेत कोण कोण होतं. मग मी सही करते."

तो कप फिरवत राहिला. "मावशी, ती कादंबरी आहे."

"मग दगडावर कशाला हवी?"

"मी काय मजेत लिहिलं का हे? रोज तिला..." तो थांबला. मग त्याचा आवाज चढला. "आणि तुम्ही? सकाळ-संध्याकाळ देवाला हाका मारत होतात. काय केलं त्यानं?"

"याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही," मी म्हटलं. "पण म्हणून मी ते मनानं रचलं नाही."

अर्धी कॉफी टाकून तो गेला.

दगडावर 'सेल्वारा' का नाही, यावर शनिवारी तो काय बोलला ते आल्फहिल्डने सांगितलं. "योरुनची आई फार धार्मिक आहेत. अशा साहित्याची त्यांना भीती वाटते. आपण त्यांचा मान राखू या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. केवढा समजूतदार मुलगा!

रविवारी चर्च सुटल्यावर मी कबरीकडे गेले. केस निळे रंगवलेली एक मुलगी तिथे गुडघ्यांवर बसली होती. डोळ्यांत खरं पाणी. मला पाहून ती उठली, माझ्या वेणीकडे बघितलं आणि एक पाऊल मागे सरकली.

"मी फक्त मेणबत्ती लावतेय," ती म्हणाली.

"लाव की."

मी वाकून दगडावरचा ओला बर्फ झाडला, नाव मोकळं केलं. "ही योरुन. माझी मुलगी. त्या दिवशी ती एकटीच गेली होती, बाळा. नावेत दुसरं कुणी नव्हतं."

मुलीने बाहीने डोळे पुसले.

"पुस्तकात तसं नाहीये," ती म्हणाली. अगदी हळू, मला लागू नये म्हणून.